राजापूरपर्यंतचे रूळ

नंदू,

भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून जातो. खुर्चीच्या कडेला टेकतात, वैशालीकडे बघून मान हलवतात, पाण्याचा पेला नको म्हणून बाजूला सारतात आणि उठताना म्हणतात, "फार हाल होते हो. सुटला बिचारा." मी तुझी मोठी बहीण, म्हणून माझ्याही पाठीवरून हात फिरवतात. मी तो पेला उचलून आत नेते. पण दर वेळी आतून ओरडावंसं वाटतं, की तो सुटायला निघाला नव्हता. त्याला राहायचं होतं. गेल्या दिवाळीपासून त्याला अजून दहा वर्षं हवी होती, आणि ती कशासाठी हवी होती हे सांगितलं तर तुम्ही हसाल.

लोकांना सांगून उपयोग नाही, म्हणून तुलाच सांगते. तेरावं झालं, माणसं पांगली. शाळेतून रजा वाढवून मी अजून गावातच राहिले आहे. वैशाली मागच्या दारी भांडी घासतेय. मी तुझ्या खोलीत, तुझ्या स्टुलावर बसलेय आणि समोर तुझी रेल्वे आहे.

आपल्या लहानपणी रत्नागिरीत रेल्वे नव्हती, हे आता सांगितलं तर माझ्या वर्गातल्या मुलांना खरं वाटत नाही. कुठं जायचं तर एसटीने, खिडकीबाहेर ओकाऱ्या काढत. दादरच्या मामाने मुंबईहून आणलेली चावीची गाडी हीच आपण दोघांनी पाहिलेली पहिली आगगाडी. पत्र्याचं लाल इंजिन, दोन डबे आणि गोल जोडायचे रूळ. दुसरं पोर असतं तर चावी भरून गाडी पळवली असती आणि टाळ्या पिटल्या असत्या. तुला तिच्या पळण्यात रसच नव्हता. ती कुठून निघाली आणि कुठं चालली, हे तुला आधी ठरवायचं असायचं. काड्यापेट्यांची स्टेशनं मांडायचास, पायली उपडी घालून तिचा डोंगर करायचास आणि मला सांगायचास, "ताई, आता संगमेश्वर आलं. तू उतर."

अण्णा पडवीतल्या झोपाळ्यावरून ओरडायचे, "अरे, कोकणात गाडी यायची तर एवढे डोंगर कोण फोडणार? तुझा बाप?" मग तो बाप आपणच, हे लक्षात येऊन स्वतःच हसत सुटायचे.

डोंगर कोणीतरी फोडले. तोवर तू दहावीच्या अभ्यासाला बसला होतास आणि गाडी माळ्यावर गेली होती. पुढे मुंबईला नकाशे काढायची नोकरी, मग वैशाली, मग अण्णा गेल्यावर कलमं सांभाळायला परत गावात. तुम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल तू माझ्याशी कधी बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. बागेची फवारणी, आंब्याच्या पेट्या, मोहोर गळाला तर शिव्या, यात तुझी पंचेचाळिशी उलटली. तुला कधी छंद होता हे मीसुद्धा विसरून गेले होते.

मग तुझे पाय सुजायला लागले. तू म्हणालास, कातळाच्या सड्यावर चालून सुजलेत. वैशालीने तुला ओढून डॉक्टरकडे नेलं तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या होत्या.

डायलिसिस रत्नागिरीत, दिवसाआड. ते संपलं की लगेच गाडीत बसायची ताकद तुला नसायची, म्हणून तू माझ्या घरी येऊन कोचावर पडायचास. मी मीठ न घातलेली मऊ खिमट द्यायचे. तू एका हाताने खायचास, कारण दुसऱ्या हाताला सुईच्या जागी पट्टी असायची. अशाच एका दुपारी डोळे मिटलेले असताना तू विचारलंस, "ताई, ती चावीची गाडी कुठं असेल गो?"

"माळ्यावर असेल. का रे?"

"काही नाही. असंच."

ते असंच नव्हतं. वैशालीने माळ्यावर चढून ती काढली. इंजिन गंजून गेलं होतं, आतली चावीची कमान तुटलेली होती. तू म्हणे ते बराच वेळ मांडीवर घेऊन बसलास. नंतर पंधरवड्यात मुंबईहून पार्सल आलं आणि वैशालीचा मला शाळेत फोन आला.

"ताई, तुम्ही या हो जरा. ह्यांचं काहीतरी बिनसलंय. आंब्याची खोली रिकामी करायला लावलीय. खेळण्यातली विजेची गाडी मागवलीय, पन्नाशीला आलेल्या माणसानं!"

मी आले ती तुला चार शब्द सुनवायला. तू खोलीच्या मधोमध उभा होतास. जिथं दरवर्षी आंबे पिकायला घालायचे तिथलं गवत झाडून काढलं होतं आणि लाकडी घोड्यांवर प्लायवूडच्या मोठाल्या फळ्या टाकल्या होत्या. त्यावर पेन्सिलीने रेघा. तुझ्या नोकरीतल्या रेघा, बारीक आणि सरळ.

"हे काय मांडलंयस नंदू?"

"रत्नागिरी स्टेशन. हा बोगदा. हा पूल. इथून पऱ्या वाहणार."

"अरे, तुला विश्रांती सांगितलीय ना?"

तू पेन्सिल कानावर अडकवलीस. "ताई, तासन्‌तास त्या मशीनला बांधलेला असतो मी. छताकडे बघून बघून पंख्याला किती वेळा तेल घातलं तेही सांगू शकेन. आजूबाजूचे सगळे कोण गेला, कोणाचं काय झालं, तेच बोलत असतात. मला तिथं पडल्यापडल्या करायला काहीतरी हवंय. आता छताकडे बघत मी पूल बांधतो. घरी आलो की तो फळीवर बांधतो."

मी ते चार शब्द गिळले आणि तुझ्यासाठी फेविकॉलचा डबा उघडून दिला. तो माझा पहिला दिवस. त्यानंतर मी शनिवारी दुपारी शाळा सुटली की येऊ लागले.

तुझं ते काम सुंदर होतं, हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्या घरात कोणी कोणाला तसं म्हणत नाही. आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या चिरून तू स्टेशनची इमारत केलीस. बागेच्या गडग्याचे तांबडे चिरे फोडून त्यांची भुकटी चाळलीस आणि डिंकावर भुरभुरवलीस, तेव्हा फळीवर हुबेहूब आपला तांबडा सडा उतरला. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात बुडवून वाळवायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या बोटांना महिनोन्‌महिने हिरवा रंग होता, आणि मुलं वर्गात विचारायची, "बाई, तुम्ही घरी भिंती रंगवता का?"

झाडं करताना तू भांडायचास. मी भुशाचा गोळा लावला की म्हणायचास, "हे काय? हे काय कलम आहे? हे फणस वाटतंय. कलम खालून पसरतं गो."

पावसाळ्यात सगळं बिघडलं. दमट हवेने फळी फुगली, रूळ काळे पडले, गाडी पावलागणिक अडायला लागली. तू डायलिसिसच्या वेळी सुई टोचण्याआधी कातडी पुसायला देतात त्या स्पिरिटच्या पट्ट्या खिशात घालून आणायचास आणि त्यांनी रूळ पुसायचास. नर्सबाईंनी एकदा विचारलं म्हणे, "काका, एवढ्या पट्ट्या कशाला?" तू म्हणालास, "घरी अजून एक पेशंट आहे." हे सांगताना तू इतका हसलास की तुला खोकला आला, आणि खोकता खोकता तोंड कोरडं पडलं तरी पाणी मागता येईना. डॉक्टरांनी मोजून दिलेलं दिवसाचं पाणी संपलेलं होतं. वैशालीने बर्फाचा एक खडा तुझ्या तोंडात दिला. आम्ही दोघी दुसरीकडे बघत राहिलो.

त्या पऱ्यात तू पाणी कधी घातलं नाहीस. पाण्यासारखं दिसणारं एक द्रावण मिळतं, ओतलं की काचेसारखं घट्ट होतं. ती बाटली मीच मागवली होती. ती अजून न फोडलेली, खिडकीत आहे. मी म्हटलं, "पऱ्या कोरडा का ठेवलायस?" तू म्हणालास, "मे महिना दाखवायचाय." मी ती बाटली खिडकीत ठेवून दिली. रात्रंदिवस तहानलेल्या माणसाला समोर वाहतं पाणी नको असेल, एवढं मला कळत होतं.

आता भांडणाविषयी.

वैशालीला साखर होती, म्हणून ती किडनी देऊ शकत नव्हती. माझा रक्तगट तुझाच. मी तेव्हा तब्येतीने ठणठणीत होते, अजूनही आहे. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की बहीण देणार असेल तर उत्तमच. आमच्या घरी मी विषय काढला तेव्हा हे म्हणाले, "तुझा भाऊ आहे. मी नाही म्हणणारा कोण?" मुलं घाबरली होती, पण मुलंही हो म्हणाली. सगळे हो म्हणाले. तू सोडून.

"नको."

"का नको? कारण सांग."

"कारण काय सांगायचं? तुझ्या अंगाला सुरी लागायला नको."

"अंग माझं आहे. मी देतेय."

"आणि ती माझ्यात टिकली नाही तर? तुझीही गेली, माझ्याही उपयोगाची नाही. मग मी तुझ्या घरी कोचावर कोणत्या तोंडाने झोपू?"

"आता ज्या तोंडाने झोपतोस त्याच!"

तू हसून वेळ मारून न्यायचास. "तुझी किडनी बसवली तर मी तुझ्यासारखा शिस्तीचा होईन. सकाळी उठून वहीला कव्हर घालत बसेन. नको बाई." मी चिडले की तू गाडीचा खटका दाबायचास. गाडी सुरू झाली की तुझ्याशी बोलता येत नसे. तू वाकून चाकांकडे बघत बसायचास, आणि मी तुझ्या मानेकडे. ती मान महिन्यागणिक बारीक होत चालली होती.

दोन वर्षं हेच. कधी मी रडून विचारलं, कधी वैशालीकडून विचारलं. एकदा तर मी म्हटलं, अण्णा असते तर त्यांनी तुला थोबाडीत मारून नेलं असतं. तू म्हणालास, "अण्णांनी जन्मात कोणाकडून पसाभर तांदूळ उसने घेतले नाहीत. ते मला मारतील?" ते खरं होतं. पण नंदू, बहिणीकडून घेणं म्हणजे उसनं घेणं नव्हे, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतंय. आता रोज एक नवं उत्तर सुचतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी राहायला आले होते. बोगद्याच्या तोंडाशी गाडी कायम घसरायची. वळण आणि चढ एकाच जागी येत होते. तू रूळ उखडून पुन्हा बसवलेस, तरी घसरायचीच. मी फराळाच्या डब्याचा पुठ्ठा कापला, त्याच्या पट्ट्या केल्या आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला रुळाखाली एकावर एक सरकवल्या. तू म्हणालास, "असं नसतं करायचं." मग जरा थांबून म्हणालास, "करून बघ."

गाडी बोगद्यात शिरली. आपण दोघं पलीकडच्या तोंडाशी वाकून थांबलो. ती बाहेर आली, पुलावरून गेली, सड्याला वळसा घातला आणि स्टेशनात आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. तू तिला थांबवेचनास. वैशाली हात पुसत दारात येऊन उभी राहिली. तुझे पाय सुजले होते, म्हणून तू स्टुलावर बसलास, पण डोळे गाडीवर.

मग तू म्हणालास, "आता ही राजापूरपर्यंत न्यायची. ह्या भिंतीला भोक पाडायचं आणि पडवीतून न्यायची. पडवीत निवसर स्टेशनचा चढ, मग पुढे सगळे बोगदे. अर्जुना नदीवरचा मोठा पूल. तो तर एकटाच वर्ष खाईल."

"सगळं मिळून किती वर्षं लागतील रे?" मी सहज विचारलं.

"दहा. दहा तरी."

तू बोलून गेलास. गाडी फिरत होती. डायलिसिसवर एवढी वर्षं निघायची नाहीत, हे आपल्या तिघांनाही माहीत होतं. तुझं शरीर दर महिन्याला आणखी थकत होतं, आणि डॉक्टर आता तारखा द्यायचे टाळत होते. तू खटका बंद केलास. गाडी पुलावरच उभी राहिली.

"ताई," तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "त्या तपासण्या कुठं करतात?"

वैशाली तिथंच उंबऱ्यावर बसली.

मी तुला मिठी मारली नाही. आपण मिठ्या मारणारी माणसं नाही. मी म्हटलं, "कोल्हापूरला. मी उद्या फोन करते." आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुतलं.

आंबा घाटातून जाताना तू गाडी थांबवायला लावलीस. मी घाबरले, तुला चक्कर येतेय वाटलं. तू खाली उतरलास, रस्त्याकडेची माती पिशवीत भरलीस आणि परत येऊन बसलास. "आपल्या मातीपेक्षा काळपट आहे बघ. पुढच्या बोगद्याला लागेल." कोल्हापूरच्या हॉस्पिटलात त्यांनी माझं रक्त घेतलं, तुझं घेतलं, फोटो काढले, कागद भरून घेतले. एका मुलीने मला शेजारच्या खोलीत बोलावून विचारलं, तुमच्यावर घरचा दबाव आहे का? मी म्हटलं, "दबाव मीच टाकलाय, दोन वर्षं." ती हसली. परतताना तू मला मागच्या सीटवरून पडवीचा नकाशा समजावत होतास, आणि मी हो हो म्हणत होते. त्या महिन्यासारखा तू मला कित्येक वर्षांत दिसला नव्हतास. जेवायचास, कामगारांवर ओरडायचास, वैशालीला म्हणायचास, बरा झालो की तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पिणार, मधे श्वास घेणार नाही.

मग ताप आला.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की डायलिसिसच्या माणसाला जंतुसंसर्ग असा अचानक होतो, कोणाची चूक म्हणता येत नाही. मला चूक शोधायचीही नाही. ताप आला आणि दुसऱ्या दिवशी तुला थंडी वाजून दात वाजायला लागले. आम्ही तुला गाडीत घातलं तेव्हा तू शुद्धीत होतास. मला वाटतं आपण बोललो ते शेवटचं. तू म्हणालास, "वैशालीला सांग, खोलीचं दार लावून घे. पाली शिरतात." मी म्हटलं, "लावलंय." ते लावलेलं नव्हतं, पण वैशालीने नंतर लावलं. त्यानंतर तोंडावर मास्क आला, नळ्या आल्या, आणि तू डोळ्यांनीही काही सांगेनासा झालास. काचेतून मी बघायचे, तुझी बोटं चादरीवर किंचित हलायची. मला वाटायचं, पूल बांधतोय.

तू गेलास तेव्हा आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो, आणि वैशाली मला विचारत होती, आज चटणी आंबली असेल का, सकाळी झाकून आले होते.

मला तुझा राग आहे नंदू. हे मी इथं कोणाला सांगू शकत नाही, कारण गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. तू दोन वर्षं आधी हो म्हणाला असतास, तर कदाचित आज पडवीत भोक पाडत असतास. कदाचित. हा शब्द मला झोपू देत नाही. आणि रागाच्या बरोबरीनं दुसरंही आहे. तू आजारी पडला नसतास तर मी माझी शाळा, माझा संसार यात आणि तू तुझ्या बागेत, असे आपण म्हातारे झालो असतो. दिवाळीत ओवाळणीच्या ताटापुरते भेटलो असतो. त्या शनिवारच्या दुपारी मला तुझ्या आजाराने दिल्या. त्या घेतल्याबद्दल कोणाचे आभार मानू?

काल वैशाली म्हणाली, "ताई, एकदा चालवून दाखवा ना. मला बघायचीय." मी खटका दाबला. गाडी हललीच नाही. इतक्या दिवसांच्या दमटपणाने रूळ काळे पडले होते. मी तुझ्या डब्यातली स्पिरिटची एक पट्टी फोडली आणि पुसत पुसत स्टेशनापासून पुलापर्यंत आले. पट्टी काळी झाली. गाडी थोडी चालली, अडली, परत चालली. बोगद्यात जाऊन बाहेर आली तेव्हा वैशाली तोंडावर पदर घेऊन बसली होती. तिने मला थांब म्हटलं नाही. पुष्कळ वेळाने म्हणाली, "ही इथंच ठेवायची. आंबे यंदा पडवीत घालू."

आणि एक सांगायचं राहिलं. तुझ्या बाराव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना कोल्हापूरहून फोन आला. तीच मुलगी. आनंदात होती. "मॅडम, तुमचे सगळे रिपोर्ट उत्तम आलेत. जुळणीही छान आहे. पेशंटला घेऊन कधी येताय?"

मी "कळवते" म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर तिचे पुन्हा फोन आले, ते मी उचलले नाहीत. तिला सांगेपर्यंत तिथं, त्या ऑफिसात, तू जिवंत होतास आणि आपल्याला तारीख घ्यायची होती. एवढी एक जागा मला मोडायची नव्हती.

आज सकाळी मीच फोन केला. म्हटलं, "पेशंट आता नाही." ती हळू आवाजात म्हणाली, "सॉरी, मॅडम. मग मी तुमची फाईल बंद करू?"

"करा."

ती फोन ठेवणार होती. मी तिला थांबवलं. तिचा काही संबंध नव्हता, तिच्याकडे असे रोज कितीतरी फोन येत असतील. पण कोणाला तरी मला ते सांगायचं होतं, आणि इथं सगळे तू सुटलास म्हणतात.

मी म्हटलं, "तो शेवटी हो म्हणाला होता."